उपचारविद्या आणि राजमान्यता

नव्या उपचारविद्येला कायद्याच्या दारी फार काळ तिष्ठावे लागते. हातांनी मणके सरळ करणाऱ्या कायरोप्रॅक्टिक विद्येचा जनक डी. डी. पामर याला परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली अमेरिकेत तुरुंगवास घडला.

आपल्याकडे तुरुंग नव्हता, उपेक्षा होती. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. दुबळ्या झालेल्या हातांना पुन्हा कामाची सवय लावणारी ही विद्या. तिच्या जाणकारांची नोंद ठेवणारा महाराष्ट्राचा कायदा मात्र २००२ चा, आणि साऱ्या देशाचा २०२१ चा.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील जायबंदी कामगाराने आपला हात कोणाच्या स्वाधीन करावा? अशी नोंद त्याला भोंदूंपासून वाचवू शकते. राजमान्यतेचे खरे मोल तेच होय.