पानफुटीची चव

आमोण्यात पोरसाच्या गडग्यावर पानफुटी माजली आहे. परवा भल्या पहाटे तिच्या पानाचा तुकडा जिभेवर टेकवला आणि थुंकला. बिंबलाइतका नव्हे, पण आंबट! दुपारी त्याच झाडाचे पान बेचव लागले. हा उपद्व्याप सुचला तो बेंजामिन हाइन यांच्यामुळे.

हाइन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासेकडच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ. बंगळूरचे लालबागही काही काळ त्यांच्या देखरेखीखाली होते. पानफुटीची पाने त्यांना सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागली. लंडनच्या लिनिअन सोसायटीने त्यांचे हे पत्र १८१५ साली छापले. उजेडात पानातला प्राणवायू निघून जातो म्हणून आंबटपणा जातो, असा त्यांचा तर्क. तो पुरता बरोबर नव्हता, पण निरीक्षण अचूक होते. (संध्याकाळचा कडवटपणा मला काही जाणवला नाही. माझी जीभ तेवढी तयार नसावी.)

प्रकार असा आहे. पानावरची रंध्रे उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण पाणीही उडून जाते. तापलेल्या चिऱ्यावर हे परवडत नाही. म्हणून पानफुटी रात्री रंध्रे उघडते, तो वायू आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा दारे लावून त्याची साखर करते. पोर्तुगीजांनी आणलेला अननसही तेच करतो.

खाली मांडवीकाठच्या खाजनात भाताला पावसाळ्यात पाण्याची ददात नसते. मात्र कडक उन्हात भाताच्या पानात कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायूच पकडला जातो आणि कमाई थोडी वाया जाते. नाचणी शिरांभोवतीच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड कोंडून ठेवते, त्यामुळे तिचे कमी पाण्यात भागते. उसातली हीच युक्ती हवाईतल्या कोर्टशाक यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली, आणि १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी तिचा उलगडा केला.

कुमेरी करणाऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधी पाणी न ठरणाऱ्या उतारांवर नाचणी आणि वरी पेरली होती. मी वाचलेल्या इतिहासात खाजनाच्या बांधांना पानेच्या पाने आहेत, कुमेरीला जंगल जाळणारी शेती म्हणून एखादे वाक्य. जंगल जळत होते हे खरेच, पण कोणते धान्य कुठे जगते हे त्यांना कळत होते, याची नोंद कुठे नाही.

आता त्या उतारांवर बहुतेक काजू आहेत. तिझणासाठी नाचणी आम्ही दुकानातून आणतो.