संकटप्रसंग, पुसदच्या मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दींतील

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा समाजाच्या लहानशा गावाने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले : वसंतराव फुलसिंग नाईक (१ जुलै १९१३–१८ ऑगस्ट १९७९) आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव राजूसिंग नाईक (२१ ऑगस्ट १९३४–१० मे २००१). पहिल्यांनी डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, अखंड राज्य चालविले. दुसऱ्यांच्या वाट्याला जून १९९१ ते फेब्रुवारी १९९३ असे जेमतेम वीस महिने आले. या दोन कारकिर्दींत राज्यावर जे प्रसंग गुदरले, त्यांचा एकत्र विचार केल्यास असे आढळते, की पाऊस, धान्य व जमीन यांतून उद्भवलेल्या आपत्तींना या चुलत्या-पुतण्यांनी जी दीर्घदृष्टी दाखविली, ती शहराच्या रस्त्यावर उसळलेल्या दंग्यांपुढे दोघांनाही पुरी पडली नाही.

मुख्यमंत्र्याच्या हाती संकटकाळी साधने तरी कोणती असतात, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाजवळ सैन्य असते, खजिना असतो आणि गव्हाची कोठारेही असतात. लिंडन जॉन्सन यांनी १९६५ ते १९६७ या काळात भारताला द्यावयाचा गहू थोडाथोडा, तोलून-मापून सोडला, आणि त्या एका माणसाच्या सहीकडे दिल्लीपासून मुंबईच्या शिधावाटप दुकानापर्यंत सर्वांचे डोळे लागून राहिले. मुख्यमंत्र्याला धान्य केंद्राच्या गुदामातून मागावे लागते, फौज मागून घ्यावी लागते, आणि त्याचे खरे हत्यार म्हणजे जिल्हाधिकारी, तहसीलदार व तलाठी यांची महसुली साखळी. वसंतराव पेशाने वकील, पुसद नगरपालिकेचे माजी अध्यक्ष आणि जुन्या मध्य प्रदेशात महसूल खात्याचे उपमंत्री राहिलेले. ही साखळी कशी हलते आणि कोठे अडते, हे त्यांनी खालच्या पायरीवरून पाहिले होते.

मारोतराव कन्नमवार यांचे २४ नोव्हेंबर १९६३ रोजी निधन झाल्यावर, बाळासाहेब सावंत यांच्या अल्पकाळच्या कारभारानंतर, ५ डिसेंबरला वसंतरावांनी सूत्रे घेतली. आणि दोनच वर्षांत अवर्षणाने देशभर धान्याची टंचाई झाली. पुण्याच्या शनिवारवाड्यावरील सभेत त्यांनी जाहीर केले, की दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्यावे. प्रतिज्ञेतील मुदत निसर्गाने पाळू दिली नाही आणि महाराष्ट्र पुढेही तुटीचाच प्रांत राहिला. तथापि या शब्दांमागे नुसता आवेश नव्हता. १९६४ मध्ये प्रसृत झालेली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी, जिला खेड्यांत सरसकट ‘हायब्रीड’ म्हणू लागले, तिचा प्रसार त्यांनी स्वतः शेतोशेती हिंडून केला. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) येथील चार कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. अडचणीच्या वर्षातून विद्यापीठ निर्माण करणे ही गोष्ट त्या काळच्या भारतीय राजकारणात विरळा होती, आणि तिचे श्रेय वसंतरावांना निःसंकोच दिले पाहिजे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, कोयना धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि वीजनिर्मिती बंद पडून मुंबईच्या कारखान्यांना त्याची झळ पोहोचली. धरण मात्र टिकले. त्याच्या भिंतीचे मजबुतीकरण पुढे करण्यात आले.

या कारकिर्दीची खरी कसोटी १९७२–७३ च्या दुष्काळाने घेतली. त्याआधीची दोन वर्षेही पावसाने दगा दिलेली, त्यामुळे पुणे व औरंगाबाद विभागांतील गावोगाव कणगी रिकाम्या, विहिरी कोरड्या आणि जनावरे बाजारात मातीमोल, अशी अवस्था झाली. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली रीत म्हणजे आणेवारी पाहावी, सारा तहकूब करावा, तगाई वाटावी व सदावर्ते उघडावीत. वसंतरावांच्या सरकारने सारा भर कामावर दिला. मागेल त्याला दगड फोडण्याचे, मातीबांधाचे, रस्त्याचे, पाझर तलावाचे काम द्यावयाचे, हे धोरण ठरले, आणि मे १९७३ मध्ये कामावरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. एवढ्या जनसमुदायाला रोज हजेरी, अवजारे, पाणी व मजुरी पुरविणे हे कोणत्याही सरकारी यंत्रणेला घाम फोडणारे काम होते. मुकादमाच्या हाती हजेरीपट, टिकाव व घमेले घेतलेल्या बायांच्या रांगा, झाडाला टांगलेल्या झोळीत लेकरू, खोदलेल्या खड्ड्यात खोली मोजता यावी म्हणून मध्येच राखून ठेवलेला मातीचा उभा खांब, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी पगार झाला की नाही याची चिंता, असे त्या कामांचे रूप होते. कामावर सुकडी हे पूरक खाद्य वाटले जाई. घरी परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लालसर भाकरी थापली जाई, जिची चव त्या पिढीच्या जिभेवर अद्याप आहे. मजुरी मोजमापावर ठरत असल्यामुळे दुबळ्या माणसाच्या पदरी कमी पडे, मापे घेण्यास विलंब होई, आणि बनावट हजेरीच्या तक्रारीही झाल्या; हे दोष मान्य करूनही म्हणावे लागते, की दुष्काळाच्या आवाक्याच्या मानाने मनुष्यहानी टळली, आणि ती टळली हे या कामांचे फळ होय.

या अनुभवाला कायद्याचे रूप देण्याचे श्रेय वि. स. पागे यांच्याकडे जाते. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांनी सांगली जिल्ह्यात १९६९ च्या सुमारास रोजगार हमीचा जो लहानसा प्रयोग केला, त्यास वसंतरावांनी राज्यव्यापी योजनेचा दर्जा दिला. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुराच्या कामाची तरतूद करण्याची कल्पना त्यामागे होती. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याचे मूळ येथे सापडते.

शहरांकडे वळल्यास चित्र पालटते. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबईत शिवसेनेचे आंदोलन पेटले व दंगल उसळली; कम्युनिस्टांचे बळ खच्ची व्हावे म्हणून सरकार या नव्या संघटनेकडे काणाडोळा करते, असा आरोप तेव्हा उघडपणे झाला आणि शिवसेनेला ‘वसंतसेना’ हे टोपणनाव रूढ झाले. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून भिवंडीत दंगा भडकला, त्याचे लोण जळगावपर्यंत गेले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने पोलिसांच्या वर्तनावर कडक ताशेरे ओढले. धान्याच्या प्रश्नावर स्वतःचा गळा पणाला लावणाऱ्या मुख्यमंत्र्याने या आयोगाच्या अहवालाच्या अंमलबजावणीत तसा आग्रह धरल्याचे दिसत नाही, आणि ही उणीव त्यांच्या चरित्रकारांनी सहसा झाकूनच ठेवली आहे.

फेब्रुवारी १९७५ मध्ये काँग्रेस पक्षश्रेष्ठींच्या इच्छेने वसंतराव पायउतार झाले व शंकरराव चव्हाण आले. पुढे ते १९७७ मध्ये वाशीममधून लोकसभेवर निवडून गेले; १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो.

सुधाकरराव गावच्या सरपंचपदापासून चढत आलेले. सूत्रे हाती घेऊन पाच-सहा आठवडे लोटतात न लोटतात तोच, ३० जुलै १९९१ रोजी, वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड गाव उद्ध्वस्त केले व दोनशेहून अधिक माणसे वाहून गेली. पाणी हा सुधाकररावांचा ध्यास. जलसंधारणाचे स्वतंत्र खाते त्यांनी १९९२ मध्ये निर्माण केले, आणि ओढ्या-नाल्यांवरील लहान बंधाऱ्यांना मोठ्या धरणांच्या बरोबरीचे महत्त्व असल्याचे ते सतत सांगत राहिले. गुन्हेगारीशी संबंध असल्याचा ठपका असलेल्या स्वपक्षीय आमदारावरही कारवाई करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले.

परंतु ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली आणि त्याच रात्री मुंबईत हिंसाचार सुरू झाला. डिसेंबरचा वणवा विझतो न विझतो तोच जानेवारी १९९३ मध्ये दुसरा, अधिक संघटित असा भडका उडाला. दोन्ही मिळून नऊशे माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते. लष्कर शहरात होते, ध्वजसंचलनेही झाली. पण त्याच्या परिणामकारक वापराचा स्पष्ट हुकूम वेळेवर निघाला नाही. सुधाकररावांच्याच सरकारने २५ जानेवारी १९९३ रोजी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने पुढे १९९८ मध्ये अहवाल देताना, या निर्णयाच्या घोळात चार मोलाचे दिवस वाया गेले, असे नमूद केले. पक्षांतर्गत दुहीने मुख्यमंत्र्यांचे हात बांधले होते, हे काही अंशी खरे. तरीही त्या चार दिवसांत ज्यांची घरे जळाली, त्यांना या कारणाने समाधान वाटावे अशी अपेक्षा कोणी करू नये. दुष्काळात महिन्याभराचा विलंब हजेरीपट वाढवून भरून काढता येतो. दंग्यात एका रात्रीचा विलंब कशानेही भरून निघत नाही.

फेब्रुवारी १९९३ मध्ये सुधाकररावांनी राजीनामा दिला व ६ मार्चला शरद पवार मुख्यमंत्री झाले. सहाच दिवसांनी मुंबईत साखळी बाँबस्फोट झाले. सुधाकरराव नंतर काही काळ हिमाचल प्रदेशाचे राज्यपाल होते, आणि परतल्यावर पुन्हा जलसंधारणाच्याच कामात गुंतले.

नाईकांच्या यवतमाळ जिल्ह्यावर पुढे जे संकट आले, ते कापसाचे. ज्या कापसावर हा जिल्हा जगतो, त्याच्यासाठी वसंतरावांच्या काळी, १९७२ च्या हंगामापासून, एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली होती. व्यापाऱ्याच्या मर्जीतून शेतकऱ्याला सोडवावे हा तिचा हेतू. परंतु चुकाऱ्यांची दिरंगाई व तोट्याचा बोजा यांनी ती खंगत गेली आणि २००२ नंतर खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्यावर पंतप्रधान मनमोहन सिंग जुलै २००६ च्या आरंभी विदर्भात आले व त्यांनी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तिचा निम्म्याहून अधिक भाग सिंचनासाठी राखलेला होता.