अपवादाचा पुरावा : अमेरिकेतील विद्यार्थी-साहाय्याच्या इतिहासातील एक प्रकरण

अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचा इतिहास बहुधा रकमांच्या अंगाने लिहिला जातो. अर्जासोबत कोणता कागद मागितला जाई, या प्रश्नाकडे त्या मानाने लक्ष कमी गेले आहे. वस्तुतः साहाय्य कोणाच्या पदरी पडले, याचा उलगडा पुष्कळदा तेथेच होतो.

१९५४ साली कॉलेज बोर्डाने ‘कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस’ स्थापन केली. तोवर हुशार विद्यार्थी आपल्याकडे यावा म्हणून महाविद्यालयांत रकमेची चढाओढ चाले. पालकांच्या उत्पन्नावरून कुटुंबाची ऐपत काढण्याची जी रीत हार्वर्डचे जॉन मन्रो यांनी बसविली होती, तिला आता व्यापक रूप आले. गुणवत्तेचे महत्त्व संपले असे नव्हे. परंतु गरज मोजता येते, हा विश्वास रूढ झाला. १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमाने आणि १९७२ च्या मूलभूत अनुदान-योजनेने तोच विश्वास शासकीय पातळीवर नेला.

मापात न बसणारे विद्यार्थी दोन प्रकारचे निघाले. पहिल्या प्रकारात आकडा शिळा असतो. २०१७-१८ पासून तर दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरले जाऊ लागले. मध्यंतरी बापाची नोकरी सुटली तरी कागदावर तो पगारदारच. तथापि नोकरी सुटल्याचे पत्र किंवा रुग्णालयाचे बिल दाखविता येते, आणि असा अर्ज बहुधा मार्गी लागतो.

दुसरा प्रकार बिकट आहे. १९८६ च्या दुरुस्तीनुसार चोवीस वर्षांखालील विद्यार्थी, विवाहित, अनाथ, माजी सैनिक असे काही वर्ग वगळता, पालकांवर अवलंबून मानला जाऊ लागला. घरातील मारहाणीमुळे बाहेर पडलेल्या मुलीने आईबापांच्या सह्या व उत्पन्नाचे आकडे आणावे कोठून? अशा प्रसंगी तिला स्वतंत्र मानण्याचा अधिकार महाविद्यालयाच्या साहाय्य-अधिकाऱ्यास होता; मात्र त्यास कागदाचा आधार हवा. असलेल्या गोष्टीचा दाखला मिळतो, तुटलेल्या नात्याचा कोण देणार? व्यवहारात शिक्षक, धर्मगुरू किंवा समुपदेशक यांच्या पत्रांवर भिस्त ठेवावी लागे. म्हणजे जे तिने सोसले ते खरे असल्याचे तिऱ्हाइताने लिहून द्यावयाचे! शिवाय ती परिस्थिती कायम असल्याची खातरजमा दरवर्षी नव्याने होई.

मराठीत या दोन्हींना ‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हणून मोकळे होता येते. २०२० च्या अधिनियमाने मात्र शब्दच वेगळे केले : आर्थिक स्थितीतील बदलास ‘स्पेशल’, तर पालकांशी संबंध तुटण्यास ‘अनयूज्वल’. हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही, कारण दुसऱ्या शब्दापाठोपाठ ग्राह्य पुराव्याची यादी आली. बालकल्याण संस्थेचे लेखी निवेदन, न्यायालयाचा आदेश, इतकेच नव्हे तर वेगळे राहत असल्याचे दर्शविणारी वीज-पाण्याची बिलेही तीत आहेत. सर्व विनंत्या सरसकट फेटाळण्याचे धोरण संस्थेस ठेवता येत नाही. आणि एकदा मान्य झालेली स्थिती, विरुद्ध माहिती न आल्यास, त्या संस्थेत पुढील वर्षीही गृहीत धरली जाते. या तरतुदी २०२३-२४ पासून अमलात आल्या.

यादीतील सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे विद्यार्थिनी व अधिकारी यांच्या मुलाखतीची नोंद. तिचे स्वतःचे सांगणे अशा रीतीने पुराव्यांच्या पंक्तीस बसले. अर्थात ती नोंद लिहिणारा हात अधिकाऱ्याचाच आहे.