कडेला बसणाऱ्याचा स्पीकर

दिवाळीचा बोनस जमा झाला की आमच्या हापिसात दरवर्षी कुणाला तरी होम थिएटरचे डोहाळे लागतात. मग टपरीवर चहा पिता पिता ५.१ घ्यावं की ७.१, सबवूफर केवढा, वॅट किती, यावर जोरदार खल होतो. बोलताना सगळ्यांचा जीव सबवूफरमध्ये अडकलेला असतो. टीव्हीखाली आडवा पडलेल्या त्या मधल्या स्पीकरची, म्हणजे सेंटरची, चौकशी मात्र कुणी करत नाही. बजेट हललं की पहिली कात्री त्यालाच!

मला हे जरा अन्यायाचं वाटतं. कारण सराउंड साउंडचा नव्वदहून अधिक वर्षांचा इतिहास चाळला, तर तो फिरतो एकाच प्रश्नाभोवती: जो मधोमध बसलेला नाही, त्याचं काय? म्हणून हा वीकांत त्या मधल्या स्पीकरच्या नावाने.

सुरुवात लंडनपासून करू. साल १९३१. बोलपट नुकतेच आले होते. ॲलन ब्लमलाइन नावाचा ईएमआय कंपनीतला तरुण इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना, सांगतात, त्याला एक गोष्ट खटकली. नट पडद्याच्या या टोकावरून त्या टोकाला चालत जातो, पण त्याचा आवाज आपला एकाच जागेवरून येत राहतो. तुम्ही-आम्ही खटकलं तर समोसा खाऊन विसरून गेलो असतो. या पठ्ठ्याने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेटंटचा अर्ज टाकला. त्यात सत्तर दावे होते आणि आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो त्याचा जवळजवळ सगळा पाया त्यात होता. पुढे १९४२ साली रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. आपली कल्पना घराघरांत पोचलेली त्याला बघायलाच मिळाली नाही.

त्याच सुमाराला अमेरिकेत बेल लॅब्जवाले दुसऱ्या बाजूने याच प्रश्नाला भिडले होते. २७ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि टेलिफोनच्या तारांवरून तो वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला जात होता. ऑर्केस्ट्राचे प्रसिद्ध संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनला आवाजाच्या कंट्रोलवर बसले होते. आता गंमत बघा, त्यांनी तारा किती वापरल्या? दोन नाही, तीन. डावी, उजवी आणि मधली.

कान तर दोनच, मग चॅनल तीन कशाला? कारण सभागृह रुंद होतं आणि सगळे श्रोते मधल्या खुर्चीवर मावत नाहीत, एवढं साधं आहे.

इथे थोडं विज्ञान, कंटाळू नका. दोन स्पीकरमधून एकच आवाज अगदी एकाच वेळी आला, तर मेंदूला तो मधून आल्यासारखा वाटतो. मध्ये काहीच नसतं, तरी गायिका समोर उभी असल्याचा भास होतो. ध्वनीवाले याला 'फँटम सेंटर' म्हणतात. पण हे भूत फार नाजूक. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की काही मिलिसेकंदांच्या फरकाने आलेले दोन आवाज आपल्याला एकच ऐकू येतात, आणि त्याची दिशा ठरते ती आधी पोचलेल्या आवाजावरून. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. आणि भूत पळवायला १ मिलिसेकंदही पुरतो, म्हणजे अंतरात जेमतेम ३४ सेंटिमीटरचा फरक. सोफ्यावर एक माणूस उजवीकडे सरकला की त्याच्यापुरती गायिका टुणकन उडी मारून उजव्या स्पीकरमध्ये जाऊन बसते.

मध्ये खराखुरा स्पीकर असेल तर ती भानगडच नाही. कुठेही बसा, संवाद पडद्यातूनच येणार.

सिनेमावाल्यांनी हा धडा लगेच उचलला. डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी १९४० साली जी 'फँटासाउंड' नावाची यंत्रणा बनवली, तिच्यात पडद्यामागे तीन चॅनल होते. पण एका थिएटरात ती बसवायचा खर्च होता सुमारे ८५,००० डॉलर, तोही १९४० चे डॉलर! त्यामुळे ती मोजक्या थिएटरांपलीकडे गेलीच नाही. मग १९५३ मध्ये 'द रोब' या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात चार मॅग्नेटिक ट्रॅक आले: डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षकांच्या भोवतीचा सराउंड. आपल्याकडे आधीच्या पिढीला ही चैन ७० मिमी.ने दाखवली. मुंबईच्या मिनर्व्हात १९७५ साली 'शोले' लागला, तेव्हा नाणं उडवल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली बघायचे, असं जुने लोक आजही रंगवून सांगतात.

आणि घरी काय होतं? घरी ग्रामोफोनची तबकडी होती. १९५८ च्या सुमाराला स्टिरिओ एलपी बाजारात आली. तबकडीच्या खाचेला भिंती दोन, प्रत्येक भिंतीवर एक चॅनल, म्हणजे चॅनल दोन. इतकं साधं कारण! तिसऱ्याला जागा नव्हती म्हणून मधला स्पीकर घरी आलाच नाही. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. आज आपण ज्याला स्टँडर्ड म्हणून नमस्कार करतो, ते बरेचदा कुणाच्या तरी हार्डवेअरची मर्यादा असते.

परिणाम असा झाला की घरातलं संगीत ऐकणं हा एकट्याचा मामला झाला. मधल्या खुर्चीवर एक शौकीन, बाकीचे आपापल्या कडेला. सत्तरच्या दशकात 'क्वाड्राफोनिक' आलं, खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर. पण मध्ये पुन्हा रिकामंच. म्हणजे मधली खुर्ची आता पुढून-मागून दोन्हीकडून सांभाळायची! त्यात कंपन्यांची भांडणं. एसक्यू, क्यूएस, सीडी-४ असे एकमेकांशी न जुळणारे प्रकार बाजारात आले. गिऱ्हाईक वैतागलं आणि दशक संपेपर्यंत सगळा खेळ आटोपला.

आता एन्ट्री डॉल्बींची. रे डॉल्बी हे अमेरिकन इंजिनिअर १९६३ पासून दोन वर्षं युनेस्कोचे सल्लागार म्हणून चक्क भारतात होते. इथून गेल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली. टेपची खरखर घालवणं हा त्यांचा मूळ धंदा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर या कंपनीने 'डॉल्बी स्टिरिओ' आणलं आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ते गाजवलं.

यातली युक्ती मला आजही बेहद्द आवडते. फिल्मच्या कडेला जिथे मोनो ट्रॅक असायचा, तेवढ्याच चिंचोळ्या जागेत त्यांनी दोन ट्रॅक बसवले आणि त्या दोनांत चार चॅनल गुंडाळले. मधला आवाज दोन्ही ट्रॅकमध्ये सारखा घालायचा, सराउंडचा एकात सुलटा आणि दुसऱ्यात उलटा. थिएटरात बेरीज केली की मधला मिळतो, वजाबाकी केली की सराउंड. चार अव्यक्तं आणि समीकरणं दोनच, तेव्हा उत्तर तंतोतंत सुटत नाही हे शाळेतच शिकलोय आपण. आवाज शेजारच्या चॅनलमध्ये पाझरतोच. म्हणून त्यांनी सराउंड मुद्दाम काही मिलिसेकंद उशिरा सोडला. पाझरलेला संवाद मागून आला तरी पुढचा आधी पोचलेला असतो, त्यामुळे नट पडद्यावरच बोलतोय असं वाटतं. हाससाहेब कामाला आले! शिवाय मोनो थिएटरात तीच प्रिंट बिनबोभाट चालायची. जुन्याला लाथ न मारता नवं आणलं, म्हणून ते टिकलं. भारतात मात्र डॉल्बी स्टिरिओतल्या पहिल्या चित्रपटासाठी १९९४ उजाडावं लागलं. तो चित्रपट '१९४२: अ लव्ह स्टोरी'.

दोन ट्रॅकमध्ये गुंडाळलेलं असल्याने हे सगळं स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवरही जसंच्या तसं उतरायचं. फक्त उलगडणारा डबा हवा. १९८२ मध्ये असा घरगुती डबा आला, 'डॉल्बी सराउंड' नावाने. त्यात डावा, उजवा आणि सराउंड होते. मधला? नव्हता! तो मिळायला १९८७ चं 'प्रो लॉजिक' यावं लागलं. त्या क्षणी कुठला आवाज वरचढ आहे हे ओळखून बाकीच्यांना दाबायची अक्कल त्या सर्किटमध्ये होती. म्हणजे १९३३ साली वॉशिंग्टनच्या सभागृहात जे होतं, ते आपल्या दिवाणखान्यात यायला ५४ वर्षं लागली. पुढे १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'ने डॉल्बीचं डिजिटल ५.१ थिएटरात आणलं, १९९६ पासून डीव्हीडीने ते घरी पोचवलं. आता प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र चॅनल, बेरीज-वजाबाकी बंद.

हे सगळं पुराण सांगायचं कारण म्हणजे आमचे बाबा. वय शहात्तर. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतो, आणि नेमकी तिथेच स, श, त, फ ही व्यंजनं असतात. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. बाबांची खुर्ची खिडकीशी, हॉलच्या अगदी उजव्या टोकाला. ती हलवायची नाही, हा घराचा नियम. होम थिएटर घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "सेंटर छोटा घ्या सर, त्या पैशांत सबवूफर दोन इंच मोठा येतो." मी उलट केलं. सबवूफर लहान घेतला, सेंटर चांगला घेतला, शोकेसच्या आत न कोंबता टीव्हीखाली काठावर ठेवून तोंड किंचित वर केलं आणि रिसीव्हरमध्ये त्याची पातळी ३ डेसिबलने वाढवली. जुना मराठी सिनेमा लावला. बाबा दोन तास रिमोटला न शिवता बसले आणि मध्येच म्हणाले, "अरे, हे काय म्हणतायत ते कळतंय आज." त्याआधी दर पाच मिनिटांनी ते आईला "काय म्हणाला गं?" असं विचारायचे. आणि अलीकडे तर विचारणंही सोडून दिलं होतं. नुसते पडद्याकडे बघत बसायचे.

हल्ली छतातून पाऊस पाडणारं ॲटमॉस वगैरे आहे. हौस असेल तर जरूर घ्या, मीही कधीतरी घेईन. पण आधी हे करा. पुढचे दोन स्पीकर तुमच्या नजरेच्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर ठेवा, सराउंड कानांच्या किंचित मागे, म्हणजे ११० अंशांच्या आसपास. मधला कानाच्या शक्य तितका जवळच्या उंचीवर. टेप घेऊन प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजा आणि रिसीव्हरमध्ये खरं खरं भरा, तो त्यावरूनच मिलिसेकंद जुळवतो.

आणि ट्रायल घेताना मधल्या जागेवर बसू नका. घरात जो सगळ्यात कडेला बसतो, त्याच्या जागेवर जाऊन बसा आणि एक संवाद ऐका. तिथे शब्द कळला, तर तुमचं होम थिएटर लागलं.