‘गर्दी का वक्त’ आणि माळव्यातील घर : धार-देवासच्या संदर्भात

इ. स. 1800 ते 1818 हा काळ माळव्यात ‘गर्दी का वक्त’ या नावाने ओळखला जातो. येथे गर्दी म्हणजे जमाव नव्हे. ‘गर्दीस मिळवणे’ या जुन्या मराठी प्रयोगात जो नाशाचा अर्थ आहे, तोच येथे अभिप्रेत आहे. होळकर व शिंदे यांच्या फौजा, पेंढारी आणि पगार थकलेली पथके यांच्या कात्रीत धार व देवास ही पवारांची दोन्ही संस्थाने सापडली होती. सर जॉन माल्कम याने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात 1817 सालची एक मोजदाद दिली आहे. होळकरांच्या मुलखातील 3701 गावांपैकी 1663 गावे ‘बेचिराग’, म्हणजे दिवा न लागणारी, झाली होती. मराठीतील ‘बेचिराख’ हा शब्द याच फारसी शब्दावरून आला आहे. तो वापरताना आपल्याला राख आठवते, विझलेला दिवा आठवत नाही.

गावांची अशी मोजदाद झाली, परंतु त्या गावांतून बाहेर पडलेल्या कुटुंबांच्या आत काय घडले याची नोंद कोणीही ठेवली नाही. तत्कालीन कागदपत्रे महसूल, तह आणि खंडणी यांची आहेत. पतीने पत्नीला केलेली मारहाण हा त्या काळी दप्तराचा विषयच नव्हता. त्यामुळे अभ्यासकाला राजघराण्यातील स्त्रियांच्या हकिकतींवरून अंदाज बांधावा लागतो, आणि या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत.

धारचा किल्ला या दृष्टीने लक्षणीय आहे. पेशवाईतील कलहात रघुनाथरावांनी आपली गरोदर पत्नी आनंदीबाई हिला येथे ठेवले, व 1775 च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म याच किल्ल्यात झाला. पुढे 1807 साली धारचे आनंदराव पवार (दुसरे) वारले, तेव्हा त्यांची पत्नी मीनाबाई गरोदर होती. तिने मांडूचा आश्रय घेतला. तेथे तिला मुलगा झाला. गादीवर हक्क सांगणाऱ्या मुरारराव पवाराशी तिला झुंजावे लागले. मुलगा पुढे दगावला, तेव्हा तिने बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन त्यालाही रामचंद्रराव हेच नाव दिले आणि संस्थान टिकवले. होळकरांच्या तुळसाबाईला मात्र हे साधले नाही. 20 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरजवळ क्षिप्रेच्या काठी तिच्याच फौजेतील लोकांनी तिचा वध केला. दुसऱ्या दिवशी महिदपूरची लढाई झाली. देवासचा इंग्रजांशी तह डिसेंबर 1818 मध्ये व धारचा जानेवारी 1819 मध्ये झाला.

मीनाबाई व तुळसाबाई यांच्यावरील संकट पतीकडून आलेले नव्हते हे खरे. परंतु स्त्रीची सुरक्षितता किती थोड्या आधारांवर उभी होती हे त्यातून कळते. पती, मूल आणि माहेर हेच ते आधार. यातील एकही नसलेल्या सामान्य शिपायाच्या पत्नीचे काय होत असेल?

येथे फिकहमधील ‘मफ्कूद’ म्हणजे बेपत्ता पतीचा प्रश्न उपस्थित होतो. मोहिमेवर गेलेला पुरुष परतला नाही, तर पत्नी ना सधवा ना विधवा. हनफी मतानुसार पतीच्या समवयस्कांचे आयुष्य संपेपर्यंत, एका प्रसिद्ध मताप्रमाणे त्याच्या वयाची नव्वद वर्षे पूर्ण होईपर्यंत, तिला थांबावे लागे. मालिकी मताने ही मुदत चार वर्षे होती. पती परतला आणि छळ करू लागला, तरी हनफी मतात केवळ छळ हे विवाहविच्छेदाचे कारण नव्हते. मौलाना अशरफ अली थानवी यांनी 1931 च्या ‘अल-हीलतुन्नाजिझा’ या ग्रंथात मालिकी मत स्वीकारण्याचा मार्ग दाखवला. त्यातूनच काझी मुहंमद अहमद काझमी यांच्या विधेयकाद्वारे 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. चार वर्षे पतीचा ठावठिकाणा नसणे आणि दोन वर्षे पोटगी न देणे ही कारणे त्यात आली. क्रूरतेच्या व्याख्येत नेहमीची मारहाण तर आहेच, पण शरीराला इजा न करता जगणे असह्य करणे आणि पत्नीची मालमत्ता परस्पर विकणे हेही आहे. 1939 साली लिहिलेली ही व्याख्या आजही वर्गात शब्दशः वाचून दाखवावी इतकी नेमकी आहे.

तथापि हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. धार व देवास त्याच्या बाहेर होती. 28 मे 1948 रोजी मध्य भारत संघ अस्तित्वात आला, त्यात ही संस्थाने विलीन झाली, आणि पुढे टप्प्याटप्प्याने केंद्रीय कायदे तेथे पोहोचले.

धार जिल्ह्यातील विस्थापन मात्र तेथे संपले नाही. या वेळी कारण युद्ध नव्हते. नर्मदा जलविवाद लवादाने 1979 च्या निवाड्यात कुटुंबाची व्याख्या केली ती पती, पत्नी, अज्ञान मुले व कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेल्या व्यक्ती अशी. प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानला गेला. सज्ञान मुलीचा उल्लेख नाही. 17 सप्टेंबर 2019 रोजी सरदार सरोवर प्रथमच 138.68 मीटरपर्यंत भरले. निसरपूर, चिखलदा या नर्मदाकाठच्या गावांत पाणी शिरले.

2005 च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग मालकी कोणाचीही असो. या हक्कासाठी आधी घर उभे असावे लागते. जुने घर पाण्याखाली, नवीन भूखंडाचा कागद कुटुंबप्रमुखाच्या नावे आणि माहेरही त्याच बुडीत क्षेत्रात, अशा स्त्रीने मार खाऊन कोठल्या उंबऱ्यावर जायचे, याचे उत्तर निवाड्यातील व्याख्येत सापडत नाही.