कलाभवन, बडोदे
बडोदे संस्थानच्या खर्चाने चाललेली तंत्रशिक्षण संस्था. बडोद्यातील अकोटा भागाच्या पूर्वेस, विश्वामित्री नदीपलीकडे तिची वास्तू आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये ती स्थापली; रसायनज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे पहिले प्राचार्य. रंगकाम व कापडछपाई, यंत्रशास्त्र, वास्तुकला, सुतारकाम, चित्रकला हे विषय येथे शिकवले जात. शिक्षण देशी भाषेत द्यायचे, हा गज्जरांचा आग्रह. पण गुजरातीत तांत्रिक पुस्तकेच नव्हती. ती लिहून घेण्यासाठीही दरबाराने पैसा दिला. इमारतीला निधी देणारे पुष्कळ असतात, परिभाषेला देणारे विरळा. हेच गज्जर पुढे मुंबईत गाजले ते व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावरचे डांबर काढल्यामुळे; ते फासले होते चापेकर बंधूंनी!

दादासाहेब फाळके येथेच छायाचित्रण शिकले. संस्थानाने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे व मोफत केले. मात्र कारागिराच्या मुलाला धंद्याचे शास्त्र मिळावे ही सोय त्याआधीच झाली होती. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्यात विलीन झाले; विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आज त्याच आवारात आहे.