खाणावळवाल्या बायकांची पत

कर्ज घेताना गटात आपण एकमेकींना जामीन राहतो. मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांनी ही वाट पन्नास वर्षांपूर्वीच धरली होती.

कोकणातले, घाटावरचे गडी गिरणीत कामाला जायचे. बायकापोरं गावाकडे. त्यांना जेवू घालायच्या चाळीतल्या खाणावळवाल्या. एकाच खोलीत चूल आणि संसार. कामगार पैसे द्यायचा पगार झाल्यावर, पण तांदूळ-पीठ रोज लागायचं. मग वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. राबायच्या या, कमाई जायची सावकाराच्या घरी.

१९६९ मध्ये १४ मोठ्या बँका सरकारी झाल्या. तरी बँकेला तारण हवं, आणि यांच्या नावावर ना घर ना जमीन. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गट झाले, एक दुसरीला जामीन राहिली, बँकेनं कर्ज दिलं. एकमेकींचा शब्द हेच तारण ठरलं.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, कितीतरी गावी परतले. स्वयंपाक करणारे हात तेच होते, पण पंगत उठली.

तेव्हा मैत्रिणींनो, पापड असो की शिलाई, पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की आणखी एक हिशेब मांडा. आपला माल घेणारं एकच दार आहे का? ते बंद झालं तर दुसरं कोणतं?